बोन स्कॅनच्या इंजेक्शनामागची कल्पना कुणाची? जॉर्ज द हेवेशी

बोन स्कॅन सांगितल्यावर ‘किरणोत्सारी इंजेक्शन’ या शब्दानेच तुमची झोप उडाली असेल, तर हेवेशींबद्दल जरूर वाचा.

त्यांचा जन्म १८८५ चा, बुडापेस्टचा. १९११ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत त्यांना एक काम मिळाले: शिशात मिसळलेले ‘रेडियम डी’ वेगळे काढायचे. खूप खटपट केली, पण जमेना. जमणारही नव्हते, कारण रेडियम डी हे शिशाचेच किरणोत्सारी रूप होते! मग त्यांनी उलटा विचार केला. वेगळे होत नाही ना, मग त्याचाच खुणेसारखा वापर करू. किरणे मोजली की शिसे कुठे गेले ते कळेल. १९२३ मध्ये हा प्रयोग त्यांनी रोपांवर केला.

१९३५ मध्ये कोपनहेगनला त्यांनी उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला. तो हाडांत शिरत होता आणि बाहेरही पडत होता. म्हणजे हाड हा निर्जीव सांगाडा नाही. ते सतत झिजते आणि नव्याने भरून निघते.

तुमच्या स्कॅनमध्ये हेच पाहतात. जिथे हाड जास्त वेगाने घडते, तिथे औषध जास्त जमते. त्यातले टेक्नेशियम पुढे इतरांनी शोधले. त्याची किरणे दर ६ तासांनी निम्मी होतात.

हेवेशींना १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. १९६६ मध्ये, ८० व्या वर्षी ते गेले.

गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर इंजेक्शनाआधीच डॉक्टरांना सांगा.