नारायण धारप : भयकथा लिहिणारा विज्ञानाचा पदवीधर

मराठीत भयकथा म्हटलं की नारायण धारप हेच नाव आधी तोंडात येतं. जन्म 27 ऑगस्ट 1925. शिक्षण मात्र विज्ञानाचं, बी.एस्सी. टेक.! अघोरी शक्तींशी झुंजणारे ‘समर्थ’ हे त्यांचं गाजलेलं पात्र. ‘लुचाई’ त्यांनी स्टीफन किंगच्या कादंबरीवरून लिहिली, पण वातावरण अगदी आपलं. समीक्षकांनी हलकं वाचन म्हणून दुर्लक्ष केलं, वाचकांनी नाही. 2008 मध्ये ते गेले. ‘तुंबाड’ (2018) चित्रपटामागे त्यांच्या ‘आजी’ कथेची प्रेरणा आहे.

पालकहो, चौथीच्या मुलांना हे नकोच. पण नववीतली मुलगी धारप वाचत बसली, तर पुस्तक हिसकावू नका. आपल्याच शहरातल्या साकेत प्रकाशनाने त्यांची पुस्तकं काढली आहेत, सहज मिळतील.