साष्टीच्या मंडळीचे पुराणकार फादर थॉमस स्टीफन्स

औरंगाबाद धर्मप्रांतातील हिंगोली जिल्हा ही संत नामदेवांची भूमी. येथील नरसी हे त्यांचे जन्मस्थान असल्याचे परंपरा मानते. या भागातील खेड्यांत राहणाऱ्या मोजक्या घरांच्या ख्रिस्ती मंडळीलाही ओवी-अभंगाचा नाद परका नाही. म्हणूनच येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांची जीवनकथा आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यांचा महान ग्रंथ अशाच एका लहानशा मंडळीच्या मागणीतून जन्मास आला.

फादरांचा जन्म इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास झाला. तेथे तो काळ कॅथलिकांच्या छळाचा होता. त्यांनी मायदेश सोडून रोम गाठले व १५७५ मध्ये येशूसंघात प्रवेश केला. ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले त्यांचे जहाज २४ ऑक्टोबरला गोव्यास लागले. भारतात स्थायिक झालेले पहिले ज्ञात इंग्रज म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. आम्हांस मात्र ते मराठी माणसांचे धर्मगुरू म्हणूनच जवळचे वाटतात.

त्यांचे जवळजवळ सारे सेवाकार्य गोव्यातील साष्टी प्रांतात झाले. ही भूमी तेव्हा जखमी होती. १५६७ मध्ये पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी तेथील देवळे पाडली होती. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे फादर रुडॉल्फ आक्वाविवा यांच्यासह पाच येशूसंघीयांची हत्या झाली. ती शरीरे ताब्यात घेऊन त्यांना मूठमाती देण्याच्या दुःखद कामात स्टीफन्स यांचा पुढाकार होता. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना असोळणे किल्ल्यात बोलावून ठार केले. ही दुसरी बाजू आपल्याकडील लिखाणात पुष्कळदा गाळली जाते. ती गाळू नये असे आम्हांस वाटते, कारण स्टीफन्स यांना ज्या लोकांत राहावयाचे होते त्यांच्या मनात या दोन्ही आठवणी होत्या.

ते लोकांत राहिले, त्यांची भाषा शिकले. भारतीय भाषांची घडण ग्रीक व लॅटिनशी जुळते, हे त्यांनी १५८३ मध्येच आपल्या भावास कळविले होते. विद्वानांना हे साम्य सविस्तर मांडावयास पुढे दोनशे वर्षे लागली.

पुराणाच्या आरंभीच त्यांनी एक प्रसंग वर्णिला आहे. रविवारी देवळात धर्मशिक्षणासाठी मंडळी जमली असता नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण उठला. जुनी पुराणे वाचावयास आम्हांस मनाई झाली, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे काही का देत नाही, असे त्याने विचारले. विनंती नम्र होती, पण त्या नम्रतेत तक्रारही होती. ज्या घरांत संध्याकाळी पोथी लागत असे, तेथे आता शांतता होती. प्रश्नोत्तरांचे पाठांतर ती भरून काढू शकत नव्हते.

स्टीफन्स यांना हे पटले. त्यांनी कथा ओवीतच सांगितली, आणि तीही मराठीत, कारण साष्टीचे लोक घरी कोकणी बोलत असले तरी पुराण मराठीत ऐकत असत. बोलीतले शब्दही त्यांनी मोकळेपणाने घेतले. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा येते. दुसऱ्यात प्रभू येशूचे चरित्र. ओव्यांची संख्या दहा हजारांहून अधिक भरते. १६१६ मध्ये हा ग्रंथ रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला, आणि तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, फादर ख्रिस्तवासी झाले. त्यांचे कोकणी व्याकरण मागाहून, १६४० मध्ये निघाले.

१६४९ व १६५४ मध्ये ग्रंथ पुन्हा छापला गेला. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने लोकभाषेवरच बंदी घातली. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आजवर हाती लागलेली नाही. पुराण राखले ते सामान्य भाविकांनी. मंगळूरकडे गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखित प्रती जपल्या, आणि त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथून ते पुन्हा छापविले. शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा साष्टीच्या त्या मंडळीसाठी रचलेल्या ओव्या घाटावरच्या मराठी वाचकाला आपल्या लिपीत वाचता आल्या.