अस्थिभंगाला अभय देणारे लिस्टर

पाय मोडून हाड कातडीबाहेर आले, तरी तो पाय वाचेल अशी आशा आज आपण बाळगतो. ज्यांच्यामुळे ही आशा लाभली, त्या जोसेफ लिस्टर यांचे आम्ही येथे कृतज्ञतापूर्वक स्मरण करीत आहोत.

त्यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमधील अप्टन येथे झाला. सूक्ष्मदर्शकात सुधारणा करणाऱ्या पित्याकडून त्यांना निरीक्षणाचे बाळकडू मिळाले. १८६० साली ते ग्लासगो येथे शल्यविद्येचे प्राध्यापक झाले. त्या काळी अशा जखमा बहुधा चिघळत. मग पाय कापावा लागे, नाहीतर मृत्यू ओढवे. दोष दूषित हवेला दिला जाई. पाश्चर यांचे संशोधन वाचून लिस्टर यांनी ताडले, की खरा शत्रू सूक्ष्मजंतू आहे.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी पायावरून गाडीचे चाक गेलेल्या ११ वर्षांच्या मुलाच्या जखमेवर त्यांनी कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. चार दिवसांनी पाहिले, तो पुवाचा मागमूसही नव्हता. सुमारे ६ आठवड्यांत हाड सांधले. १८६७ साली त्यांनी अशा ११ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. त्यांतील ९ बरे झाले, एकाचा पाय कापावा लागला, एक दगावला. अपयशही न लपविण्याचा हा प्रांजळपणा आम्हांस विशेष वंदनीय वाटतो.

१० फेब्रुवारी १९१२ रोजी ते निवर्तले. आता हाडाचा नमुना तपासून जंतू ओळखतात, निर्जीव हाड काढून टाकतात आणि कित्येक आठवडे प्रतिजैविके देतात. साधने पालटली, दृष्टी मात्र लिस्टर यांचीच राहिली आहे.