वालचंद आणि जहाजांचा राजाश्रय

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनला निघाले. ते धाडणाऱ्या सिंधिया कंपनीच्या संस्थापकांत सोलापूरचे वालचंद हिराचंद हे एक होते. १८८२ साली जन्मलेल्या वालचंदांचा मूळ व्यवसाय रेल्वेच्या बांधकामांची कंत्राटे घेण्याचा. समुद्राचा वारसा त्यांना नव्हता.

ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून या नव्या प्रतिस्पर्ध्यास नामोहरम करण्याचा चंग बांधला. १९२३ च्या करारान्वये सिंधियाला आपला ताफा ७५ हजार टनांपलीकडे न वाढविण्याचे बंधन पत्करावे लागले. सरकार पाठीशी नसेल तर नुसते भांडवल समुद्रात टिकत नाही, हा धडा तेव्हाच मिळाला.

तरीही वालचंदांनी जहाजे येथेच बांधण्याचा ध्यास सोडला नाही. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणम येथे राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्यांच्या कारखान्याची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी त्या शहरावर जपानी बाँब पडले आणि काम रेंगाळले. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी ‘जलउषा’चे जलावतरण केले.

खरी कसोटी त्यानंतर लागली. यंत्रसामग्री परदेशी, कारागीर नवशिके. साहजिकच देशी जहाज ब्रिटिश जहाजापेक्षा महाग पडे. एक जहाज पाण्यात उतरताच दुसऱ्याची मागणी हाती नसली, तर गोदी ओस पडते आणि शिकलेले हात पांगतात. हा भार खाजगी कंपनीस पेलणे अशक्य होते. १९५२ साली कारखाना हिंदुस्थान शिपयार्ड या नव्या कंपनीकडे गेला. त्यात दोनतृतीयांश भाग सरकारचा होता. देशी व ब्रिटिश किमतींतील तफावत सरकारने अनुदानरूपाने सोसली. अर्धांगवायूने आधीच निवृत्त झालेले वालचंद ८ एप्रिल १९५३ रोजी निवर्तले.

सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने जहाजबांधणी व सागरी क्षेत्रासाठी ६९,७२५ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. देशी गोद्यांना मिळणारे अर्थसाहाय्य २०३६ पर्यंत चालू राहणार आहे. हा करदात्यांचा पैसा आहे. तो कोठवर द्यावा, हा प्रश्न रास्तच होय. परंतु वालचंदांचे चरित्र सांगते की, गोदी अनुदानाच्या एका हप्त्यावर जगत नाही. तिला मागण्यांची अखंड साखळी लागते. साहाय्याबरोबर वेळेचा आणि खर्चाचा हिशेबही कठोरपणे मागितला गेला, तरच त्या जिद्दीचे चीज होईल.