डॉ. जॉन विल्सन आणि कोकणातले बेने इस्राएल

डॉ. जॉन विल्सन म्हटलं की मुंबईचं विल्सन कॉलेज आठवतं. चौपाटीसमोरची ती दगडी इमारत १८८९ ची, म्हणजे विल्सन वारल्यानंतर चौदा वर्षांनी उभी राहिलेली. त्यांनी स्वतः ती कधी पाहिलीच नाही. पण मला आज कॉलेजबद्दल लिहायचं नाही. या स्कॉटिश माणसाने मराठीत हिब्रू भाषेचं व्याकरण लिहिलं होतं, आणि ते कोकणातल्या तेल्यांसाठी लिहिलं होतं. ती गोष्ट सांगायची आहे.

विल्सनसाहेबांचा जन्म ११ डिसेंबर १८०४ चा, स्कॉटलंडमधल्या लॉडर या लहानशा गावचा. घर शेतकऱ्याचं. एडिंबरोला शिकले, पाद्री झाले, आणि १८२९ च्या फेब्रुवारीत पत्नी मार्गारेटसह मुंबईला उतरले. तिथून थेट कोकणात गेले, बाणकोट आणि हर्णैला. कशासाठी? तर मराठी शिकायला. आधी लोकांची भाषा आणि मगच काम, असा त्यांचा हिशोब होता.

त्याच कोकणपट्टीत अलिबाग, पेण, रोहा भागातल्या गावांतून बेने इस्राएल लोक राहत होते. घाण्यावर तेल काढायचं हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. बोलणं मराठी, बायकांचा पेहराव मराठी, आडनावंही दिवेकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली. पण मुलांची सुंता करायची, खवल्यांचाच मासा खायचा, आणि हिब्रूतली एक छोटी प्रार्थना पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ ठेवायची. ग्रंथ नाही, लिपी नाही. स्वतःला ते यहुदी न म्हणवता इस्राएलची लेकरं म्हणवत. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांच्यापासून आपण वाढलो, ही त्यांची कथा.

पण हे गलबत फुटलं कधी? इथे गोष्ट रोमपर्यंत जाऊन पोचते. यहुद्यांनी इ. स. ६६ मध्ये रोमन सत्तेविरुद्ध बंड केलं आणि ७० मध्ये टायटसच्या सैन्याने जेरुसलेमचं मंदिर जाळलं. त्या दुःखाचा उपास जगभरचे यहुदी पाळतात. कोकणात त्याचं नाव काय, तर बिरड्याचा सण! मोड आलेल्या वालाचं बिरडं त्या सणाशी जोडलेलं, म्हणून हे नाव. उलट हनुक्का हा सण त्यांना जुन्या काळी ठाऊकच नव्हता. हनुक्का हा इ. स. पूर्व १६४ मध्ये अँटिओकस राजाच्या तावडीतून मंदिर सोडवल्याचा सण. मग हे लोक त्याच्या आधीच निघाले असतील का? बेने इस्राएलांचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी पुढे असाच अंदाज बांधला. मला तो पुरता पटत नाही. सण विसरलाही जातो आणि नंतर कुणी शिकवलाही असू शकतो. शिवाय त्याच उपासात इ. स. पूर्व ५८६ मध्ये पडलेल्या पहिल्या मंदिराचंही दुःख असतं, त्यामुळे बिरड्यावरून तारीख ठरत नाही. एवढं मात्र खरं की रोमन काळात हा किनारा ओसाड नव्हता. अलिबागजवळचं चौल ग्रीक खलाशांना सेमिल्ला म्हणून माहीत होतं. आपल्या तेलंगणातही नलगोंडा जिल्ह्यात अक्कनपल्लीला ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला आहे. येशूच्या काळात टायबेरियसच गादीवर होता, आणि त्याच्याच सत्तेला यहुदी लोक कर भरत होते. बेल्लमपल्लीत जमिनीखालचं म्हटलं की आपल्याला फक्त कोळसा सुचतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

तर १८३२ मध्ये विल्सनसाहेबांनी बेने इस्राएलांसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. त्याच वर्षी मुंबईत शाळा सुरू केली, तीच पुढे कॉलेज झाली. हेतू लपवलेला नव्हता. मूळ भाषेत जुना करार वाचतील तर ख्रिस्ताकडे येतील, ही त्यांची आशा होती. मुलींच्या शाळा मार्गारेटबाईंनी काढल्या, पण १८३५ मध्ये त्या गेल्या.

पत्नीच्या मृत्यूच्या वर्षीच विल्सन काठियावाडात फिरले आणि गिरनारच्या पायथ्याची कोरलेली शिळा पाहिली. तिच्या अक्षरांची नक्कल त्यांनी करवून घेतली. ती कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेली आणि अशोकाचे लेख वाचण्याच्या कामी आली. त्या लेखात अंतियोक आणि तुरमाय ही नावं निघाली, म्हणजे अँटिओकस आणि टॉलेमी. रोमच्या आधी यहुद्यांवर राज्य केलं ते याच दोन घराण्यांनी! हनुक्काचा अँटिओकस याच घराण्यातला, काही पिढ्यांनंतरचा.

१८३९ साल त्यांना जड गेलं. त्यांच्या शाळेतल्या धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण कोर्टात गेलं, शाळेचे वर्ग रिकामे पडले. आईबापांचा संताप मला समजतो. त्या काळात मुलगा धर्म सोडून गेला म्हणजे घराला तो मेल्यासारखाच.

१८४३ च्या जानेवारीत विशीतल्या धनजीभाईंना बरोबर घेऊन विल्सन निघाले. इजिप्त, सिनाय, पेत्रा, हेब्रोन, जेरुसलेम. वेरूळची लेणी पाहिलेल्या माणसापुढे आता पेत्राचे कोरीव कडे होते. नाब्लसला ते शोमरोनी लोकांना भेटले. तेव्हा त्या देशात कुदळ घेऊन शास्त्रशुद्ध उत्खनन कुणी सुरू केलं नव्हतं. पाचच वर्षांपूर्वी एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकाने अरबी गावांच्या नावांतून बायबलमधली गावं शोधायला सुरुवात केली होती. मृत समुद्राकाठचा एक उंच कडा म्हणजेच मसादा, यहुदी बंडखोरांचा शेवटचा किल्ला, हेही १८३८ मध्ये त्यानेच ओळखलं. तो किल्ला खणला गेला थेट १९६३ ते १९६५ मध्ये, यिगाएल यादीन यांच्या हाताखाली. शुद्धीच्या स्नानाची कुंडं, बंडाच्या काळातली नाणी, धर्मग्रंथांचे तुकडे निघाले. खाली वाळवंटात रोमन छावण्यांच्या भिंती आजही दिसतात. विल्सनच्या पिढीजवळ यातलं काही नव्हतं. डोळे, कान आणि भाषा, एवढीच हत्यारं. जिवंत माणसांची नावं, रीतीभाती, बोली यांतून जुना काळ वाचायचा. कोकणात त्यांनी हेच केलं होतं. १८४७ मध्ये त्यांचा बायबलच्या प्रदेशांवरचा दोन खंडांचा ग्रंथ निघाला, त्यात पूर्वेकडच्या यहुद्यांबद्दल भरपूर मजकूर आहे आणि बेने इस्राएलही आहेत.

त्याच वर्षी ते मुंबईला परतले. मधल्या काळात स्कॉटलंडचं चर्च फुटलं होतं. विल्सन फ्री चर्चकडे गेल्यामुळे जुनी इमारत हातची गेली, शाळा पुन्हा उभी करावी लागली. पुढे लेण्यांच्या पाहणीसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

आणि बेने इस्राएल? ख्रिस्ती फारच थोडे झाले. बाकीच्यांनी विल्सनचं हिब्रू घेतलं आणि ते स्वतःच्या सभास्थानात नेलं. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास तर बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू झाली. पाद्र्याने दिलेल्या किल्लीने त्यांनी आपल्याच घराचं कुलूप उघडलं. विल्सनना याचं वाईट वाटलं असेल का, कोण जाणे. पण शिकवणं काही त्यांनी थांबवलं नाही.

१ डिसेंबर १८७५ ला ते मुंबईतच वारले. त्याच वर्षी केहिमकरांच्या पुढाकाराने बेने इस्राएलांनी मुंबईत स्वतःची शाळा काढली.