महाराजांचे गुरू : दिवाण सर टी. माधवराव

नावातला ‘टी’ म्हणजे तंजावर. १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले माधवराव देशस्थ मराठी घराण्यातले. दिवाणगिरी घरातलीच, वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर वाढलेले, त्यामुळे या तंजावरी दिवाणाविषयी आम्हाला अंमळ जास्तच जिव्हाळा वाटतो.

मद्रासला शिक्षण, १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांची शिकवणी, मग तिथलीच दिवाणगिरी. त्रिवेंद्रमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे; त्या नाक्याला लोक अजून ‘स्टॅच्यू’ म्हणतात. पुढे थोडा काळ इंदूरला तुकोजीराव होळकरांकडे.

१८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले. कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला आणि बडोद्याचा कारभार माधवरावांच्या हाती आला. महसुलाचे इजारे मोडणे, खजिन्याची घडी बसवणे, ही कामे मोठीच. आम्हाला मात्र १८८१ सालची त्यांची व्याख्याने अधिक मोलाची वाटतात. लोकप्रशासन हा विषय आपल्या विद्यापीठांत यायला अजून कितीतरी अवकाश होता, आणि इथे एक दिवाण एकाच विद्यार्थ्याला तो इंग्रजीतून पद्धतशीर शिकवत होता. ती व्याख्याने पुढे ‘मायनर हिंट्स’ नावाने छापली गेली. प्रजेचे सुख हाच राज्याचा हेतू, राजाच्या सत्तेलाही मर्यादा असतात, राजवाड्याचा खर्च बेताचा ठेवावा, असे धडे त्यांत आहेत.

आणखी एक धडा आहे, तो वाचताना आम्ही अडखळतो. सार्वभौम इंग्रज सरकारशी सलोखा राखावा, वितुष्ट येऊ देऊ नये. गुरूची नेमणूक त्याच सरकारच्या संमतीने झालेली. अभ्यासक्रम बडोद्याचा असला तरी परीक्षक कलकत्त्याला बसलेला. पण मल्हाररावांची गत ताजी होती. त्या मुलाची गादी टिकवायची तर दुसरे काय शिकवणार?

२८ डिसेंबर १८८१ ला महाराजांना पूर्ण अधिकार मिळाले आणि पुढच्याच वर्षी माधवरावांनी बडोदे सोडले. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. ४ एप्रिल १८९१ ला ते वारले. शिष्याने १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. सलोख्याचा धडा मात्र त्याने पुरता गिरवला नाही. १९११ च्या दिल्ली दरबारात पंचम जॉर्जपुढे त्याने केलेला तो बहुचर्चित तोकडा मुजरा पाहायला गुरू हयात नव्हते.