रोगणाचा तिसरा हात

कासव दिसायला गरीब, पण भिंतीशी त्याची गाठ पडली की त्याच्याइतका हट्टी प्राणी विरळा. अडथळा आला तर वळसा घालण्याऐवजी ते कवचाचा पुढचा भाग टेकवून तो रेटत राहते. युरोप-अमेरिकेत जमिनीवरची कासवे पाळणारी काही हौशी मंडळी त्यांच्यासाठी लपण्याची खोली आणि सभोवतीचे कुंपण चक्क मुलांच्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांतून बांधतात. खिळा नाही, गोंद नाही; तरीही भिंत उभी राहते. या ठोकळ्यांच्या चिवट पकडीमागे एका सुताराचे खडतर आयुष्य उभे आहे. ‘लेगो’ या जगप्रसिद्ध खेळण्यांचे जनक ओले कर्क क्रिस्टियनसन यांचे.

डेन्मार्कमधील जटलंड द्वीपकल्पात, फिल्स्कोव्ह गावाच्या परिसरात ७ एप्रिल १८९१ रोजी एका गरीब शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. थोरल्या भावाच्या हाताखाली ओले कर्क सुतारकाम शिकले आणि पुढे कामाच्या शोधात जर्मनी व नॉर्वेत गेले. नॉर्वेतच त्यांना हॅन्सीन ही जीवनसंगिनी भेटली. १९१६ मध्ये मायदेशी परतून त्यांनी बिलुंड या आडगावातील एक सुतारशाळा विकत घेतली. आसपासच्या शेतकऱ्यांची घरे, दारे, खिडक्या आणि कपाटे करून देणे हा त्यांचा व्यवसाय. वृत्ती धार्मिक, स्वभाव विनोदी आणि काम चोख, असा त्यांचा लौकिक होता.

मात्र दैवाने त्यांची परीक्षा घेण्यात कसूर ठेवली नाही. १९२४ मध्ये लहानग्या मुलांच्या हातून शेगडी पेटवताना रंध्याच्या ढलप्यांनी पेट घेतला आणि कारखान्याबरोबर राहते घरही भस्मसात झाले. ओले कर्क यांनी कर्ज काढून पूर्वीपेक्षा मोठी वास्तू उभारली. ती फेडता फेडता जागतिक मंदी आली. शेतमालाचे भाव कोसळले, शेतकऱ्यांनी घरे बांधणे थांबवले आणि कामगारांना निरोप देण्याची वेळ आली. त्याच १९३२ साली हॅन्सीन यांचे निधन झाले. पदरी चार मुलगे आणि डोक्यावर कर्ज, अशा अवस्थेत हा चाळिशीतला सुतार एकटा उरला.

मोठी कामे मिळेनात, तेव्हा ओले कर्क यांनी लहान वस्तू करायला घेतल्या. शिड्या, इस्त्रीचे तक्ते आणि त्यांच्याच जोडीला लाकडी खेळणी. भावंडांनी कर्जाला हमी दिली खरी. परंतु खेळण्यांवर कोणाचे पोट भरेल, हे त्यांना पटत नव्हते. ओले कर्क मात्र मागे हटले नाहीत. दोन वर्षांनी त्यांनी सोफी यांच्याशी दुसरा विवाह केला आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसवली. कंपनीच्या नावासाठी कामगारांत स्पर्धा ठेवून घरी केलेल्या वाइनची बाटली बक्षीस लावली. अखेरीस निवडले गेले ते मालकांचेच नाव. चांगले खेळा, अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘लेगो’ हा शब्द तयार झाला.

या काळातला एक प्रसंग त्यांच्या साऱ्या आयुष्याची किल्ली ठरावा असा आहे. त्यांचा तिसरा मुलगा गॉटफ्रेड शाळकरी वयापासून कारखान्यात राबत होता. चाकांवर चालणाऱ्या लाकडी बदकांना रोगणाचे तीन हात देण्याची तिथली रीत होती. एकदा गॉटफ्रेडने दोनच हात देऊन माल आगगाडीच्या स्टेशनावर पोचता केला आणि वाचवलेल्या पैशांची हकिकत मोठ्या अभिमानाने वडिलांना सांगितली. शाबासकी मिळाली नाही. सगळ्या पेट्या परत आणून, राहिलेला तिसरा हात एकट्याने देऊन, मगच त्या पुन्हा स्टेशनावर न्याव्यात, असा वडिलांचा हुकूम झाला. गिऱ्हाइकाला तो फरक कदाचित दिसलाही नसता. परंतु जे डोळ्यांना दिसत नाही, त्यातच कारागिराची नियत कळते, हा धडा मुलाने जन्मभर जपला. सर्वोत्तमापेक्षा कमी काही चालणार नाही, अशा आशयाची पाटी पुढे त्याने स्वतः कोरून कारखान्यात लावली.

१९४२ मध्ये पुन्हा आग लागली. देश जर्मन फौजांच्या ताब्यात होता. कारखाना तर गेलाच, पण वर्षानुवर्षे जमवलेले नमुने आणि आराखडेही राख झाले. पन्नाशी उलटलेल्या ओले कर्क यांच्या मनात सारे सोडून द्यावे असे येऊन गेले. अखेर कामगारांच्या चुलींचा विचार वरचढ ठरला आणि त्यांनी तिसऱ्यांदा उभारणी केली.

युद्ध संपताच या लाकडाच्या माणसाने एक अनपेक्षित पाऊल उचलले. प्लास्टिक वितळवून साच्यात दाबणारे यंत्र त्यांनी सुमारे ३० हजार क्रोनर मोजून घेतले. एवढी रक्कम यंत्रात घालणे घरच्यांना धाडसाचे वाटत होते. १९४९ पासून या यंत्रातून एकमेकांवर बसणाऱ्या विटा निघू लागल्या. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. या विटांची मूळ कल्पना त्यांची नव्हती. इंग्लंडमधील हिलरी फिशर पेज यांच्या ‘किडीक्राफ्ट’ कंपनीच्या विटा पाहूनच त्या घडवल्या होत्या. पेज १९५७ मध्ये निवर्तले. ‘लेगो’ने त्यांच्या विटांचे हक्क रीतसर विकत घेतले ते १९८१ मध्ये. चोखपणाचा आग्रह धरणाऱ्या घराण्याच्या कथेतील हे ऋण विसरता येणार नाही.

शिवाय त्या पहिल्या विटा पोटातून पोकळ होत्या. एकमेकींवर बसत, पण धक्का लागला की निखळत. व्यापारी त्या परत पाठवत. ओले कर्क यांची प्रकृती ढासळत होती आणि कारभार हळूहळू गॉटफ्रेडकडे आला होता. सुटी खेळणी विकण्यापेक्षा एकमेकांत जुळणारी संपूर्ण मालिका द्यावी, हा विचार त्याने १९५५ मध्ये बाजारात आणला. मग पकडीचा प्रश्नही सुटला. विटेच्या पोटात नळ्या बसवण्यात आल्या. खालच्या विटेवरची बोंडे या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये घट्ट अडकतात आणि तरीही लहान मुलाच्या बोटांनी सुटतात. २८ जानेवारी १९५८ रोजी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, ११ मार्च रोजी, वयाच्या ६६व्या वर्षी ओले कर्क यांचे निधन झाले.

कासवाच्या खोलीत नेमकी हीच पकड कामी येते. वरच्या थराचा सांधा खालच्या विटेच्या मध्यावर आला की रेटा एका जागी न साचता भिंतभर वाटला जातो. आधीचे प्लास्टिक काळाने वाकडे होई. १९६३ पासून वापरात आलेले एबीएस प्लास्टिक पाण्याने फुगत वा कुजत नाही. त्यामुळे खोली धुऊन काढता येते आणि कासव वाढले की मोठी करता येते. तळ उघडा ठेवून माती टाकावी, हवेला झरोके ठेवावेत, तापदिवा भिंतीपासून दूर असावा आणि सुटे तुकडे कासवाच्या तोंडापर्यंत पोचू नयेत, एवढी काळजी मात्र हवी. (आपल्याकडे तारा कासवासारखी देशी कासवे घरी पाळण्यास वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.) बाल्टिमोरच्या प्राणिसंग्रहालयात तर २०१८ मध्ये कवच फुटलेल्या एका रानकासवाला याच ठोकळ्यांची चाकाची गाडी करून देण्यात आली. पोट जमिनीला न घासता ते हिंडू लागले आणि बरे झाल्यावर त्याला पुन्हा रानात सोडण्यात आले.

ओले कर्क यांनी यातले काहीच पाहिले नाही. १९६० मध्ये लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली आणि कंपनीने लाकूड कायमचे सोडले. सुताराच्या कारखान्यातून सुतारकामच गेले. पण १९५८ च्या साच्यातून निघालेली वीट आज दुकानातून आणलेल्या विटेवर आजही घट्ट बसते. आजोबांचा डबा नातवाच्या कामी येतो, तो त्या तिसऱ्या हाताच्या पुण्याईवर.